यंत्र उघडून पाहणारे चित्रकार

नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या दोन माणसांनी कोल्हापुरात चित्रपटाचा कॅमेरा घडवायला घेतला, तेव्हा आपल्याकडे हलतं चित्र ही नवलाई होती. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री (पुढे बाबूराव पेंटर म्हणून ओळखले गेले ते), नात्यानं भाऊ. १९१३ साली फाळक्यांचा पहिला मूकपट आला आणि या दोघांना त्या यंत्राचं वेड लागलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले आणि कॅमेरा अर्धा राहिला. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो १९१८ च्या सुमारास पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचं काम त्यावर उभं राहिलं. १९२० मध्ये कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूराव पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

कोल्हापुरात ही हकिगत सगळ्यांना तोंडपाठ असते आणि आपण ती अभिमानानं सांगतो. मला ती इथे वेगळ्या कामासाठी हवी आहे. कलावंत विज्ञानाला, नव्या तंत्राला हात घालतात म्हणजे नेमकं काय करतात, हा प्रश्न आज फार विचारला जातो. कुणी संगणकाकडून चित्र काढून घेतं, कुणी प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून त्यातून आकृती उमटवतं, कुणी हवेत धुकं सोडतं आणि त्याला शिल्प म्हणतं. पाहणारा गोंधळतो. हे चित्र आहे की प्रयोग? आणि हे सगळं करण्यात कलावंताचं स्वतःचं काम कोणतं? बाबूरावांचा कॅमेरा नीट समजून घेतला तर यातला बराच गोंधळ मिटतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

फिल्मची पट्टी भिंगासमोरून सलग सरकत राहिली तर तिच्यावर नुसत्या पुसट रेघोट्या उमटतील. म्हणून ती थांबत थांबत न्यावी लागते. एक चौकट भिंगासमोर येते, क्षणभर अगदी स्थिर राहते, तेवढ्यात तिच्यावर उजेड पडतो. मग फिरती झडप भिंग झाकते, त्या अंधारात एक आकडा पट्टीच्या कडेच्या भोकांत अडकतो, तिला बरोबर एका चौकटीनं खाली ओढतो आणि सुटतो. झडप पुन्हा उघडते. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हातानं हँडल फिरवून. रिळं सलग फिरतात आणि मधली पट्टी मात्र धक्क्याधक्क्यानं जाते, त्यामुळे ती फाटू नये म्हणून वर आणि खाली तिला सैल वळसा ठेवावा लागतो. आकड्याची ओढ केसभर कमीजास्त झाली की पडद्यावरचं चित्र थरथरतं. झडप जरा उशिरा मिटली की उजेडाचे ओघळ दिसतात.

हे सगळं ज्यानं स्वतः कानशीनं घासून जुळवलं, त्याला कॅमेरा काय करतो हे सांगावं लागत नाही. हँडल सावकाश फिरवलं तर पडद्यावर माणसं धावतात, भरभर फिरवलं तर तरंगत चालतात, हे त्याच्या मनगटाला कळलेलं असतं. पडदे रंगवण्यात उभी हयात घालवलेल्या या माणसानं सिनेमात रंगवलेले पडदे बाजूला सारले आणि खरेखुरे, उंची-खोली असलेले देखावे उभारले, याचं मर्म मला इथेच दिसतं. रंगमंचावर प्रेक्षक पडद्याला अरण्य मानायला तयार असतो. भिंगाला ते जमत नाही, त्याला पडदा पडदाच दिसतो. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, तोही असाच. सूर्यावर अवलंबून असलेल्या फिल्मला रात्र दाखवायची तर उजेड आपण तयार करायला हवा, हे चित्रकाराच्या डोळ्याला पटलेलं होतं.

यातून मी माझ्यापुरती एक कसोटी धरली आहे. एखाद्या कलाकृतीतून विज्ञान काढून घेतलं तर काय उरतं? टॅबवर काढलेलं व्यक्तिचित्र कागदावर काढलं असतं तरी मूळ गोष्ट बदलली नसती. तिथे यंत्र कुंचल्याच्या जागी आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण काही कामं अशी असतात की त्यातलं तंत्र काढलं की कलाकृतीच उरत नाही, कारण यंत्र कसं चालतं, निसर्गाचा नियम कसा वागतो हाच तिचा ऐवज असतो. पुढे मी बोलतो आहे ते या दुसऱ्या जातीबद्दल.

आणि ही जात काही विसाव्या शतकात जन्मलेली नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण श्रद्धेनं पाहतो, तो थोडा कारागिराच्या नजरेनंही पाहावा. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या संध्याकाळी मावळतीचा उजेड महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातो. वर्षातून दोनदा का? कारण २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचून परत फिरतो. १० नोव्हेंबरला जाताना आणि १ फेब्रुवारीला येताना तो खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या, दक्षिणेला जवळजवळ सारख्याच, सुमारे १७ अंशांच्या अंतरावर असतो. दोन्ही तारखा डिसेंबरच्या त्या टोकापासून सहासहा आठवडे दूर आहेत. त्या दिवसांत सूर्याची जागा रोज जेमतेम पाव अंशानं बदलते, म्हणून खेळ दोन-तीन दिवसच टिकतो. आणि उजेड पायांवरून वर मुखाकडे का चढतो, तर सूर्य खाली उतरेल तसे किरण अधिक आडवे होतात आणि अधिक उंचावर पोचतात. क्षितिजावरचा एखादा ढग किंवा वाटेत चढवलेला एखादा मजला एवढ्यानं सगळं हुकतं. शिल्प, वास्तू आणि आकाशाची गती यांचं हे एकत्र बांधलेलं काम आहे. आज एखाद्या कलावंतानं असं काही उभारलं तर त्याला आपण मोठ्या कौतुकानं नवं म्हणू.

आता संगणकाकडे येऊ. संगणकानं चित्र काढलं म्हणजे माणसाचा हात सुटला, असं अनेकांना वाटतं. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली गोळा झाल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली रीत नियमांची. दारातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. ठिपके किती आणि कसे मांडायचे, कोणता ठिपका कुणाला जोडायचा, रेघ कुठे वळवायची, हे सगळं सांगता येतं. सांगता येतं म्हणजे लिहिता येतं, आणि लिहिता येतं म्हणजे यंत्राला करायला देता येतं. चेन्नईच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट आणि रानी सिरोमणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात नेमकं हेच केलं. तमिळ दारातल्या कोलमच्या आकृत्या कोणत्या नियमांनी वाढत जातात याचं त्यांनी गणिती व्याकरण मांडलं. घरोघरच्या बायकांच्या बोटांत असलेलं ज्ञान संगणकशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झालं. मला ही घटना फार मोलाची वाटते.

पण नियम तंतोतंत पाळला की चित्र निर्जीव होतं, हे रांगोळी काढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. छापाची रांगोळी आणि हाताची रांगोळी यांत फरक असतो तो थोड्याशा चुकारपणाचा. पॅरिसमध्ये राहिलेल्या, बुडापेस्टमध्ये १९२४ साली जन्मलेल्या व्हेरा मोल्नार यांनी सगळं आयुष्य या फरकाचा अभ्यास केला. संगणक हाती येण्याआधी त्या मनातल्या मनात यंत्र कल्पून नियम ठरवायच्या आणि हातानं ते पाळायच्या. १९६८ पासून खरा संगणक मिळाला. चौकोनांत चौकोन काढायचे आणि प्रत्येक कोपरा किंचित, कुठल्या बाजूला ते ठरवून न देता, सरकू द्यायचा. किती सरकू द्यायचा हा आकडा त्यांच्या हातात. शून्य ठेवला तर जाळीचा कागद, फार वाढवला तर नुसता पसारा. मधे कुठेतरी अशी जागा येते जिथे चौकोन श्वास घेऊ लागतात. ती जागा शोधणं हे त्यांचं चित्र काढणं. संगणक त्यांना एकाच कल्पनेची शंभर रूपं भराभर काढून द्यायचा, आणि त्यातलं कोणतं ठेवायचं हे त्यांचे डोळे ठरवायचे.

ब्रिटिश चित्रकार हॅरॉल्ड कोहेन यांचा प्रश्न याहून खोल होता. १९६६ साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात, आपल्या देशातर्फे चित्रं मांडलेला हा नावाजलेला माणूस, पुढे अमेरिकेत जाऊन प्रोग्राम लिहायला शिकला. चित्र हे चित्र म्हणून ओळखू यायला कमीत कमी काय लागतं? बंद आकार आणि उघडा आकार यांत फरक कळायला हवा, आत आणि बाहेर कळायला हवं, एका आकारानं दुसऱ्याला झाकलं तर काय होतं ते कळायला हवं. आपण चित्र काढताना जे न बोलता करतो, ते एकेक करून त्यांनी शब्दांत, म्हणजे प्रोग्राममध्ये उतरवलं. या प्रोग्रामचं नाव आरॉन. २०१६ साली जाईपर्यंत चार दशकांहून अधिक काळ ते त्यावर काम करत होते. आरॉनला एकही चित्र दाखवून शिकवलेलं नव्हतं. त्याला जे येत होतं ते सगळं कोहेन यांनी स्वतः लिहिलेलं होतं.

दुसरी रीत याच्या बरोबर उलटी, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रं म्हणून आपल्या मोबाइलवर येतात ती बहुतेक याच रीतीची. इथे नियम कुणी लिहीत नाही. कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी यंत्राला दिल्या जातात. मग प्रत्येक चित्रात थोडी थोडी, जुन्या टीव्हीवर दिसणाऱ्या मुंग्यांसारखी खरखर मिसळत जातात, शेवटी नुसती खरखर उरेपर्यंत. यंत्राला शिकवतात ते एवढंच की खरखर मिसळलेलं चित्र पाहून त्यातली खरखर कोणती हे ओळखायचं. हे त्याला पुरेसं जमलं की त्याला कोरी खरखर देतात, सोबत एक वाक्य देतात, आणि ते टप्प्याटप्प्यानं खरखर काढत जातं. जिथे चित्र नव्हतंच, तिथे त्या वाक्याला जुळेल असं चित्र तयार होतं.

एवढं कळलं की दोन गोष्टी आपोआप उलगडतात. यंत्राकडे चित्रांचं कपाट नाही, त्यातून ते एखादं काढून देत नाही. त्याच्याकडे आहेत ते असंख्य आकडे, ज्यांत कशाबरोबर काय येतं याचे कल साठलेले असतात. म्हणून जे पुन्हा पुन्हा दिसलं आहे ते त्याला सफाईनं येतं आणि जे क्वचित दिसलं ते ओढूनताणून नेहमीच्याच वळणावर जातं. कोल्हापुरी साज म्हटल्यावर मासा, कासव, चंद्र अशी पानं एकेक ओळखू यावीत, जोंधळी मण्यांत ती नेमक्या क्रमानं ओवलेली असावीत, तर तसे नीट नाव दिलेले फोटो शिकवणीत पुरेसे असायला हवेत. नसले तर हार मिळेल, साज मिळणार नाही.

दुसरी गोष्ट कलावंताच्या कामाची. या रीतीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाक्य लिहिताना होत नाही, तो त्याच्या खूप आधी, यंत्राला काय दाखवायचं हे ठरवताना होतो. ब्रिटिश कलावंत ॲना रिडलर यांनी २०१८ मध्ये ट्युलिपच्या फुलांचे १०,००० फोटो स्वतः काढले आणि प्रत्येकावर रंग, जात, फुलण्याची अवस्था हातानं लिहून ठेवली. यंत्राची शिकवणी त्यांवर झाली. पण त्यांनी ते फोटोही त्यांच्या अक्षरांसह भिंतीवर ओळीनं लावले. ‘डेटा’ हा कुठून आपोआप येत नाही, कुणीतरी बसून तो गोळा करतं, नाव देतं, गाळतं, हे पाहणाऱ्याला दिसलं. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत हजारो चित्रकारांची चित्रं त्यांना न विचारता गेली, यावर जगभर खटले चालू आहेत. रिडलर यांचं काम त्या वादाला सर्वांत सभ्य उत्तर आहे असं मी मानतो.

आपल्याकडे कुणी हुपरीच्या चांदीकामाचे किंवा कुंभार गल्लीत घडणाऱ्या गणपतींचे कारागिरांना विचारून, त्यांच्या नावांसह असे फोटो जमवले तर ते काम केवढं होईल! यंत्रानं पुढे काहीही काढो, तो संग्रहच कोल्हापूरचा ठेवा ठरेल.

कलावंत आकड्यांशीही काम करतात. हे समजायला आपल्याला लांब जायला नको. दर जुलैत सगळं शहर एक आकडा वाचत असतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ती ५५ फुटांच्या पुढे गेली. समजा या आकड्यांचा आवाज करायचा आहे. पाणी चढेल तसा स्वर चढेल, एवढं तर कुणीही सुचवेल. पण किती फुटाला किती स्वर? सरळ हिशेब लावला तर २० वरून २३ फूट आणि ४० वरून ४३ फूट कानाला सारखंच ऐकू येईल. नदीकाठच्या घरात ते सारखं नसतं. पहिल्यात नदी भरते आहे, दुसऱ्यात सामान माळ्यावर चढतं आहे आणि जनावरं सोडायची वेळ आली आहे. मग ३९ च्या पुढे स्वरांतलं अंतर वाढवायचं का? की स्वर तोच ठेवून त्यात कंप आणायचा? की इशाऱ्यापर्यंत काहीच ऐकवायचं नाही? आकडे जसेच्या तसे ठेवून त्यांचा अर्थ या निवडीत ठरतो. जो कलावंत ही निवड विचारानं करत नाही, त्याच्या हातून नुसती सजावट होते.

पातळी मोजायचं यंत्र फार अवघड नाही. एक छोटा संवेदक (सेन्सर) माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्याकडे सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन एक शतांश सेकंद लागला तर पाणी साधारण १.७ मीटर खाली आहे. संवेदकाकडून हा वेळ घेऊन त्यावरून दिवा, मोटर किंवा आवाज चालवणारी छोटी पाटी म्हणजे अर्डुइनो. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावी ती तयार झाली ती डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यांना वापरता यावी म्हणून.

याच पाटीमुळे एक पीकही उदंड आलं: समोर हात हलवला की दिवे बदलतात, पुढे गेलं की आवाज येतो, आणि एवढंच. मुलांना मजा वाटते, ते ठीक आहे. पण मला त्यात कलावंताचा प्रश्न दिसत नाही.

तुलनेसाठी १९६६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये झालेला एक प्रयोग पाहा. रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकारानं टेनिसचा सामना मांडला. रॅकेटच्या दांड्यात आवाज रेडिओलहरींनी पाठवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. चेंडू लागला की तारांचा दणका सगळ्या दालनभर घुमायचा आणि त्याच दणक्यासरशी वरचा एक दिवा मालवायचा. खेळ चालू राहिला तसा अंधार वाढत गेला, शेवटी काहीच दिसेना आणि सामना थांबला. मग त्या काळोखात काही शे माणसं मैदानात येऊन उभी राहिली. प्रेक्षकांना ती डोळ्यांनी दिसत नव्हती, अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्यामुळे पडद्यावर मात्र दिसत होती. आपल्याच समोर गर्दी उभी आहे आणि ती फक्त यंत्राला दिसते, हा अनुभव आज जागोजागी कॅमेरे लागलेल्या काळात अधिकच बोचतो. इथेही तंत्र तेच, संवेदक आणि दिवा. पण खेळाडूच्या प्रत्येक यशस्वी फटक्यानं त्याचाच उजेड कमी होतो, ही कल्पना आधी होती.

हे प्रयोग ‘नऊ संध्याकाळी’ या नावानं झाले. त्यांत १० कलावंत होते आणि बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेचे सुमारे ३० इंजिनिअर. बिली क्लूव्हर हा इंजिनिअर त्यामागे होता. पुढे त्यांनी कलावंत आणि इंजिनिअर यांच्या जोड्या जुळवणारी संस्थाच काढली. तिच्यातर्फे १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात जपानी कलावंत फुजिको नाकाया यांनी एका इमारतीभोवती धुक्याचं शिल्प उभं केलं. थॉमस मी या ढगांच्या अभ्यासकाबरोबर त्यांनी ते बसवलं. शुद्ध पाणी प्रचंड दाबानं अतिशय बारीक तोंडातून सोडायचं, म्हणजे थेंब मिलिमीटरच्या दोनेक शतांशांएवढे होतात आणि खाली पडण्याऐवजी तरंगतात. रसायनाचा धूर नाही, निव्वळ पाणी. वाऱ्यानं आणि हवेतल्या दमटपणानं त्याला आकार द्यायचा. पन्हाळ्यावर किंवा गगनबावड्याला पावसाळ्यात ज्यानं समोरचा रस्ता नाहीसा होताना पाहिला आहे, त्याला या शिल्पाचा स्वभाव वेगळा समजावायला नको. नाकाया यांचे वडील बर्फाच्या कणांचे शास्त्रज्ञ होते, प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण वाढवणारे पहिले.

भारतातही तेव्हाच काही घडत होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली ‘मूग’ सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, आलं आणि डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीनं विजेवर ध्वनी घडवण्याचा स्टुडिओ उभा राहिला. त्याच सुमारास मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या फेलोशिपच्या पैशांतून चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले एकत्र काम करतील अशी कार्यशाळा चालवली आणि स्वतः भौमितिक रेषांचा एक ॲनिमेशनपट केला. दोन्ही प्रयोग काही वर्षांत थांबले.

जिवंत गोष्टींशी काम करणाऱ्या कलावंतांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद फार आणि पाहण्यासारखं थोडं. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग फावल्या वेळात जिवाणूंनी चित्रं काढत. निरनिराळे जिवाणू वाढताना निरनिराळे रंग धरतात. अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या थाळीवर ते सुईनं लावायचे. लावताना काहीच दिसत नाही, चित्र वाढून वर येतं. कोणता जिवाणू लवकर वाढतो आणि कोणता उशिरा, हे धरून कोणता आधी लावायचा ते ठरवावं लागतं, नाहीतर रंग एकमेकांत शिरतात. २००० साली एदुआर्दो काच या कलावंतानं अंधुक निळ्या उजेडात हिरवी चमकणारी, जनुक बदललेली सशीण कलाकृती म्हणून जाहीर केली. तिथपासून जिवंत प्राण्यावर कलेसाठी प्रयोग करावेत का, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. माझं मत सांगायचं तर प्राण्यावर करू नयेत.

आता कोल्हापूर. मी हे सगळं सांगतो आहे ते बाहेरचं कौतुक करण्यासाठी नाही. जगात इतरत्र अशा कामासाठी संस्था उभाराव्या लागल्या, कारण तिथे चित्रकार आणि यंत्रवाले एकमेकांना भेटतच नव्हते. आपल्याकडे ते एकाच रस्त्यावर चहा पितात. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हवा तो भाग काढून देणारे मिस्त्री आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या आहेत. चित्रकला आणि शिल्पकला शिकवणाऱ्या संस्था आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवर वर्षानुवर्षं संशोधन चाललं आहे.

या पातळ थरांचं एक उदाहरण देतो, म्हणजे सोनार-चांदीवाल्यांचा आणि प्रयोगशाळेचा संबंध कुठे येतो ते दिसेल. रस्त्यावरच्या पाण्यात तेलाचा थेंब पडला की इंद्रधनुष्य दिसतं. तेलात रंग नसतो. थराच्या वरून परतलेला प्रकाश आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग जोर धरतात, काही मरतात. कोणता रंग उरेल हे थराची जाडी ठरवते. टायटॅनियम धातू द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडली तर त्यावर असाच एक पारदर्शक थर चढतो आणि विजेचा दाब बदलला की थराची जाडी बदलते. म्हणजे दाब वाढवत नेला की त्याच पत्र्यावर सोनेरी, जांभळा, निळा, हिरवा असे रंग उमटत जातात, आणि हे रंग उन्हानं फिके पडत नाहीत. चांदीवर हे होत नाही. पण चांदीच्या बारीक कामात टायटॅनियमचं एखादं पान जडवायला काय हरकत आहे? परदेशात दागिने घडवणारे हे तंत्र वापरतात. आपल्याकडे विजेचा दाब समजणारा आणि पान घडवणारा, दोघेही दहा-पंधरा मैलांत आहेत.

फौंड्रीचंही तसंच. ओतकामासाठी आधी पॅटर्न, म्हणजे हव्या त्या आकाराचा नमुना लागतो. आता संगणकावर काढलेला आकार थ्री-डी प्रिंटरनं थरावर थर देत मेणासारख्या पदार्थात काढता येतो, त्याभोवती साचा बांधायचा, आतलं वितळवून काढायचं आणि धातू ओतायचा. शिल्पकाराला यातून हातानं घडवायला जवळजवळ अशक्य अशा आकृती, एकात एक अडकलेल्या, आतून पोकळ, मिळू शकतात. मात्र धातू आत कसा वाहील, कुठे आधी थिजेल, कुठे पोकळी धरेल, हे ओतारी सांगतो तेव्हा शिल्पकारानं आपला आकार बदलायची तयारी ठेवावी लागते. अशा कामात तो अडथळा नसतो, ते कामच असतं.

एका गोष्टीची काळजी मात्र आधीपासून घ्यायला हवी, ती म्हणजे टिकण्याची. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची आणि न पेटली तरी हळूहळू कुजायची. आज धोका वेगळ्या रूपात आहे. नाम जून पाइक या कलावंतानं १९८८ साली दक्षिण कोरियात सोलजवळच्या संग्रहालयात १,००३ टीव्ही संचांचा मनोरा उभारला. काचेच्या नळीचे ते टीव्ही बनणं बंद झालं, जुने तापू लागले आणि २०१८ मध्ये मनोरा बंद ठेवावा लागला. काही वर्षं दुरुस्ती करून, काही संच बदलून, २०२२ मध्ये तो पुन्हा चालू झाला. तैलचित्र भिंतीवर टांगून विसरता येतं. प्रोग्रामवर चालणारं काम दहा वर्षांनी कुठल्याच संगणकावर उघडणार नाही, अशी शक्यता मोठी असते. म्हणून असं काम करणाऱ्यानं सुटे भाग कोणते वापरले, प्रोग्राम कसा चालतो, आणि काय बदललं तरी चालेल व काय बदलता कामा नये, हे साध्या मराठीत लिहून कामाबरोबर ठेवावं.

सुरुवात करायला फार पैसा लागत नाही. नियमांनी चित्र काढायला ‘पी-५ जेएस’ हे साधन ब्राउझरमध्ये फुकट चालतं. रांगोळीची एक ओळ त्यात उतरवण्यापासून आरंभ करता येईल. अर्डुइनोसारखी पाटी आणि एखादा संवेदक काही शे रुपयांत मिळतो. महत्त्वाचं म्हणजे जोडीदार शोधावा, आणि काम सुरू करण्याआधीच त्याच्याशी बोलून काही गोष्टी कागदावर घ्याव्यात. २०१८ साली एका फ्रेंच गटाचं संगणकानं काढलेलं व्यक्तिचित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ४,३२,५०० डॉलरना गेलं, तेव्हा त्यामागचा प्रोग्राम बराचसा एका तरुण अमेरिकनानं लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला होता, हे बाहेर आलं आणि श्रेय कुणाचं यावर बराच काळ वाद झाला. तसं होऊ नये यासाठी प्रोग्राम कुणाचा राहील, काम विकलं तर वाटा कसा, प्रदर्शनात बंद पडलं तर दुरुस्तीला कोण येईल, हे आधी ठरवावं. आणि प्रदर्शनात कामाशेजारी लावायच्या नावाच्या पाटीवर चित्रकाराच्या नावाखाली लेथवर भाग काढणाऱ्याचं, ओतकाम करणाऱ्याचं, प्रोग्राम लिहिणाऱ्याचं नाव त्याच मापाच्या अक्षरांत लिहावं.